‘आठवडाभर विश्रांती घ्या’ : एका औषधाचा मुंबईतला इतिहास



गेल्या महिन्यात संध्याकाळच्या ओपीडीत एक पंचवीस वर्षांचा मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) दोन महिने खोकला, संध्याकाळची कणकण, वजन सहा किलोनं उतरलेलं. थुंकीची तपासणी झाली, एक्स-रे झाला आणि फुफ्फुसाचा टीबी नक्की झाला. मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं: औषधं सहा महिने, सरकारी केंद्रात मोफत मिळतात, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि शेवटी म्हणालो, "पहिले काही आठवडे कामावर जायचं नाही. विश्रांती घ्यायची."

तो म्हणाला, "डॉक्टर, गोळ्या घेईन मी. पण सुट्टी कोण देणार? चार दिवस गेलो नाही तर माझ्या जागी दुसरा उभा असतो."

मरोळच्या एका गोदामात तो पॅकिंगचं काम करतो, ठेकेदारामार्फत. त्याच्यासोबत चाळीतले शेजारी काका आले होते. वय शहात्तर, भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त. इतका वेळ ते गप्प होते. ते त्याला म्हणाले, "अरे पोरा, पगारातून ईएसआय कापतात का तुझा?" पोराला माहीत नव्हतं. मग काका माझ्याकडे वळले, "मला एकोणऐंशी साली टीबी झाला होता, डॉक्टर. मुलुंडच्या कामगार हॉस्पिटलात होतो. घरी थोडा का होईना, पैसा येत होता आणि परत गेलो तेव्हा मशीन माझंच होतं. ते काही कोणी दान दिलं नव्हतं आम्हाला."

काकांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही डॉक्टर "विश्रांती घ्या" असं दिवसातून दहा वेळा लिहितो. हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. ते मिळतं की नाही, हे कामाचे तास, रजेचे नियम, विमा आणि कामगाराच्या वतीने बोलणारं कोणी आहे का यावर ठरतं. म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे. हे औषध मुंबईत कसं आलं, कोणी आणलं आणि कुठे कमी पडलं, ते पाहू.

आठवड्याला नव्वद तास

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. सुरुवातीच्या काळात गिरणीत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे पाळी सूर्याच्या वेळापत्रकावर चाले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. उन्हाळ्यात ते तेरा तासांच्या आसपास जाई आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. तुम्हीच गणित करा: तेरा गुणिले सात म्हणजे एक्क्याण्णव तास.

आज आपल्याला या आकड्याचा वैद्यकीय अर्थ कळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. गिरणीतला माणूस ५५ तासांची हद्द पाचव्या दिवशीच ओलांडत होता.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात १२ वर्षांखालच्या मुलांचे तास ९ वर आणले गेले आणि ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली. मोठ्या माणसांसाठी त्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या डॉक्टरच्या नजरेनं वाचा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि पाचवी मागणी: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर उदरनिर्वाहाची सोय.

म्हणजे आजारपणातल्या पगाराची कल्पना या शहरात १८८४ इतकी जुनी आहे. त्या वेळी जगात फार थोड्या ठिकाणी ती प्रत्यक्षात होती. जर्मनीत बिस्मार्कनं आजारपण विम्याचा कायदा आदल्याच वर्षी, १८८३ मध्ये केला होता.

रविवारची सुट्टी मिळायला आणखी सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाची मर्यादा ११ तास झाली. पुरुषांच्या तासांना कात्री लागायला मात्र १९११ उजाडावं लागलं. त्यानंतर १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. आज ज्याला आपण सहज ‘आठ तासांची ड्युटी’ म्हणतो, तिथपर्यंत पोचायला पासष्ट वर्षं गेली.

लोखंडे स्वतः १८९७ च्या फेब्रुवारीत गेले. प्लेगनं. मुंबईत साथ पसरलेली असताना ते रुग्णांच्या सेवेत होते.

सोमवारी छाती का भरते?

आता थोडं फुफ्फुसाबद्दल. गिरणीतल्या ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जातो, तेव्हा हवेत बारीक धूळ उडते. तिच्यात बोंडाचे, पानांचे कण असतात आणि त्यावरच्या जिवाणूंचे विषारी अंशही असतात. वर्षानुवर्षं ही धूळ श्वासातून गेली की श्वासनलिका आकसू लागतात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात.

याची खूण विचित्र आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी, छाती आवळल्यासारखी वाटते, धाप लागते. मंगळवारी-बुधवारी बरं वाटतं. पुढे पुढे मंगळवारही त्रासाचा होतो आणि शेवटी आठवड्याचे सगळे दिवस. सुरुवातीला धुळीपासून दूर गेल्यावर माणूस सुधारतो. उशीर झाला तर नलिका कायमच्या अरुंद होतात आणि मग हा आजार बिडी ओढणाऱ्याच्या जुन्या खोकल्यासारखाच दिसतो. कामगाराच्या खिशात बिडीबंडल सापडलं की नुकसानभरपाईचा दावा तिथेच लंगडा पडे.

यातली एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. सोमवारची धाप ओळखायची असेल, तर आधी रविवारची सुट्टी हवी. सातही दिवस धुळीत राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाला तुलना करायला दुसरा दिवसच नसतो. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी विश्रांतीसाठी होती. पण धुळीनं केलेला आजार डॉक्टरांना ओळखता यावा, अशी फटही तिनेच तयार केली.

साचाखात्यातली, म्हणजे विणकाम विभागातली गोष्ट आणखी वेगळी. धोट्यातली कांडी बदलताना तुटलेलं सूत तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. छातीच्या आजारांच्या दृष्टीनं ही सवय किती वाईट, हे सांगायला नको. पण या सवयीचा त्याहून कडवट परिणाम असा, की तोंडाला लागणाऱ्या सुताला विटाळ होतो म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना या खात्यात घेत नसत. जास्त पगाराचं खातं त्यांना बंद. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार संघटनांचा इतिहास सांगताना हेही सांगायला हवं. एकत्र येणाऱ्यांच्या ‘आपण’मध्ये कोण मोजलं जातं आणि कोण नाही, हा प्रश्न पहिल्यापासून होता.

बाळंतपणाची रजा आणि एक धडा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात संघटनांना आकार आला. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटकची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि ना. म. जोशी उभारणीतले प्रमुख. १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला. त्याआधी संप घडवणाऱ्या पुढाऱ्यावर मालक दिवाणी दावा ठोकू शकत असे. नोंदणी केलेल्या संघटनेला या कायद्यानं संरक्षण दिलं. १९२८ मध्ये गिरण्यांचा संप सहा महिने चालला आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

त्याच काळात मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात प्रसूती रजेचं विधेयक आलं. त्यावर बोलताना आंबेडकरांनी आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी बाजू मांडली. खर्चाचा भार सरकारनंही उचलावा असंही त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला. या विषयावरचा तो देशातल्या पहिल्या कायद्यांपैकी एक.

पण कायद्यानं सगळा भार मालकावर टाकला होता. ज्याच्याकडे बायका जास्त, त्याचा खर्च जास्त. पुढच्या दशकांत गिरण्यांमधलं स्त्रियांचं प्रमाण घसरत गेलं. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी कारणं होतीच, पण बाळंतपणाचा खर्च हेही एक कारण मानलं जातं. धडा साधा आहे. आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा खर्च एकाच मालकाच्या अंगावर टाकला, तर तो आजारी पडू शकणाऱ्या माणसाला कामावरच घेत नाही. खर्च सगळ्यांत वाटला पाहिजे. म्हणजेच विमा.

काकांचं ईएसआय

दुसरं महायुद्ध चालू असताना केंद्र सरकारनं प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळत होते. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा मंजूर झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली.

उपनगरात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे ईएसआयचं पुस्तक असेल. घाटकोपर ते मुलुंड हा लाल बहादूर शास्त्री मार्ग, तेव्हाचा आग्रा रोड, दोन्ही बाजूंनी कारखान्यांनी भरलेला होता. इंजिनिअरिंग, औषधं, रंग, टायर. पलीकडे अंधेरी-मरोळची एमआयडीसी, कांदिवलीला वाहनांचे कारखाने. म्हणून कामगार रुग्णालयंही मुलुंड, अंधेरी आणि कांदिवलीला उभी राहिली. सकाळच्या भोंग्यावर घर चालणारी पिढी या दवाखान्यांत वाढली.

योजनेचं तत्त्व सोपं आहे. कामगार थोडे देतो, मालक जास्त देतो, पैसे एका मोठ्या निधीत जातात आणि आजारी पडणाऱ्याला त्यातून मिळतात. आज कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. त्या बदल्यात कुटुंबाला उपचार आणि कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. टीबी, कॅन्सर यांसारख्या दीर्घ आजारांत, दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण पगाराइतकी रक्कम, आणि ती निधीतून.

या योजनेबद्दल तक्रारी आहेत आणि त्यातल्या अनेक खऱ्या आहेत. रांगा, औषधांचा तुटवडा, कागदपत्रं. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयात आग लागून माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. तरीही काका एकोणऐंशीत टीबीतून उठून परत मशीनवर उभे राहिले, ते या योजनेमुळे.

घाटकोपरचा डॉक्टर

ईएसआय कारखान्याच्या गेटपाशी थांबत होतं. बाहेर काय होतं? घाटकोपर, विक्रोळी, चांदिवली, पवईच्या टेकड्यांमध्ये दगडखाणी होत्या. मुंबईच्या इमारतींची खडी तिथून येई. सुरुंगानं दगड फोडायचा, घणानं लहान करायचा, क्रशरमध्ये टाकायचा.

दगडाच्या धुळीत सिलिका असते. तिचे अतिशय बारीक कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. आपल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. उलट स्वतःच मरतात आणि त्या जागी जखमेच्या वणासारखी गाठ तयार होते. अशा हजारो गाठी जमल्या की फुफ्फुस कडक होतं. हा सिलिकोसिस. त्यावर बरं करणारं औषध नाही, आणि अशा फुफ्फुसाला टीबी होण्याची शक्यता कितीतरी पटीनं वाढते. उपाय फक्त आधीचा: पाणी मारून दगड फोडणं, धूळ ओढून घेणारी यंत्रणा, योग्य मास्क. यातलं काहीही डॉक्टरच्या हातात नसतं. सगळं खाणमालकाच्या हातात असतं.

साठच्या दशकात घाटकोपरच्या पंतनगरमध्ये एका तरुण एमबीबीएस डॉक्टरचा दवाखाना होता. कोकणातल्या देवबागचा, केईएममध्ये शिकलेला. त्याचे बरेच रुग्ण कामगार होते. या डॉक्टरनं खाणकामगारांची संघटना बांधली आणि हळूहळू स्टेथोस्कोप बाजूला राहिला. त्यांचं नाव डॉ. दत्ता सामंत.

पुढची गोष्ट तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, आणि त्यांची मतंही टोकाची असतील. कोणी म्हणेल, आमचा पगार त्यांनी दुप्पट करून दिला. कोणी म्हणेल, त्यांच्यामुळे गिरण्या बुडाल्या. त्यांच्या संपांमध्ये हिंसाचाराचे आरोप झाले, हेही खरं. मला त्यांचा निवाडा करायचा नाही. मला एका कायद्याकडे लक्ष वेधायचं आहे, कारण आपल्या ‘विश्रांती’च्या औषधाशी त्याचा थेट संबंध आहे.

उपनगरातल्या बहुतेक इंजिनिअरिंग आणि रसायन कारखान्यांत करार कारखान्यापुरता होई. कामगारांनी संघटना बदलली की मालकाला आज ना उद्या नव्या संघटनेशी बोलावं लागे. सामंतांचं बळ तिथे वाढलं. गिरण्यांमध्ये मात्र १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यानुसार एका भागातल्या संपूर्ण उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना. गिरण्यांसाठी ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ही मान्यता गुप्त मतदानानं ठरत नसे, सभासदांच्या नोंदीवर ठरे. कामगारांचं मन दुसरीकडे गेलं तरी मालकाशी बोलण्याचा हक्क जुन्या संघटनेकडेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. साठच्या आसपास गिरण्या बंद पडल्या. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, रजा आणि भत्ते या मागण्या होत्या, आणि हा १९४६ चा कायदा रद्द करा ही मागणीही होती. बदली कामगार म्हणजे जो रोज गेटवर उभा राहतो आणि कोणाचा खाडा झाला तरच आत जातो. आजारी पडायची चैन त्याला परवडतच नाही. गोदामातल्या आमच्या मुलाची आठवण झाली ना?

कामगार ज्याला मानत होते त्याच्याशी कायद्यानं बोलता येत नव्हतं, आणि कायद्यानं ज्याच्याशी बोलता येत होतं त्याला कामगार मानत नव्हते. वाटाघाटीचा रस्ता असा दोन्हीकडून बंद झाला. संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. हजारो कामगारांना परत घेतलंच नाही. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचे भाव ही कारणंही गिरण्यांच्या मुळावर आली होती, हे लक्षात ठेवायला हवं. सामंतांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गोळ्या घालून हत्या झाली.

डॉक्टर म्हणून मला या काळातली एक गोष्ट टोचते. नोकरी गेली की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही काळानं ईएसआयचा दवाखानाही बंद. पन्नाशीचा माणूस, वीस-पंचवीस वर्षं कापसाच्या धुळीत गेलेली, धाप नुकतीच सुरू झालेली, आणि उपचाराचा दरवाजा नेमका तेव्हाच बंद होतो. धुळीचे आजार नोकरी संपल्यावर उगवतात. विमा मात्र नोकरीबरोबर संपतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार तर वीस-तीस वर्षांनी दिसतात. म्हणूनच १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात, कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि तो नोकरी संपल्यावरही असतो, असं म्हटलं आणि आरोग्याच्या नोंदी निवृत्तीनंतरही जपायला सांगितलं.

जर्मनीतला ११४ दिवसांचा संप

आजारपणातल्या पगाराची लोखंड्यांची ती पाचवी मागणी युरोपात कशी पुढे गेली, हे पाहण्यासारखं आहे. जर्मनीत विमा १८८३ पासून होता. पण १९५० च्या दशकातही तिथे कचेरीतल्या कारकुनाला आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळे आणि यंत्रावरच्या कामगाराला सुरुवातीचे दिवस काहीच नाही, नंतर पगाराचा एक भाग. आजार तोच, नियम दोन.

२४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्लेस्विग-होल्श्टाइन या उत्तरेकडच्या राज्यात जहाजबांधणी आणि धातू कामगार संपावर गेले. मुख्य मागणी होती आजारपणात कारकुनांसारखाच पगार. तीस हजारांहून जास्त कामगार ११४ दिवस बाहेर राहिले. १९५७ मध्ये कायदा सुधारला आणि १ जानेवारी १९७० पासून सगळ्या कामगारांना सहा आठवडे पूर्ण पगाराचा हक्क मिळाला. आजही तिथे पहिले सहा आठवडे मालक देतो, त्यानंतर आजारपण निधी.

जर्मन कामगार आपल्यापेक्षा शूर होता असं नाही. मुंबईच्या कामगारानं त्याहून कितीतरी जास्त दिवस काढले. फरक असा, की तिथे संप मिटवायला दोन्ही बाजूंना मान्य असलेली माणसं टेबलावर होती. पहिल्या तडजोडी कामगारांनी मतदानानं फेटाळल्या, पुन्हा बोलणी झाली, आणि शेवटी करार झाला. संपाची ताकद करारात उतरवणारी यंत्रणा जागेवर होती. आपल्याकडे ताकद होती, यंत्रणा अडली होती.

आज काय?

आग्रा रोडचे बरेच कारखाने गेले, तिथे मॉल आणि टॉवर आले. काम संपलेलं नाही. ते गोदामात, बाइकवर, मॉलच्या सुरक्षेत, सोसायटीच्या हाउसकीपिंगमध्ये गेलं आहे, बहुधा ठेकेदारामार्फत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ॲपवर काम करणाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेत प्रथमच उल्लेख आहे आणि ठरावीक वयावरच्या कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे. मालकाशी बोलणारी संघटना कोणती हे ठरवण्यासाठी ५१ टक्के पाठिंब्याची अटही आहे. ती प्रत्यक्षात कशी राबवली जाते याकडे लक्ष ठेवा. ब्याऐंशीचा संप याच प्रश्नावर अडला होता.

तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी:

१. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि साधारण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर ईएसआय लागू होतं. ठेकेदाराच्या माणसांनाही. पगाराची चिठ्ठी बघा, विमा क्रमांक मागा.

२. आजारपणाचा भत्ता हवा असेल तर साधारणपणे ईएसआय दवाखान्याचंच सर्टिफिकेट लागतं. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरचं कागद घेऊन थांबू नका, लवकर तिथे जा.

३. डॉक्टरकडे गेलात की काय काम करता आणि पूर्वी काय करत होता, हे आपणहून सांगा. गिरणी, खाण, टाइल कटिंग, ॲस्बेस्टॉस, वेल्डिंग. निवृत्तीला वीस वर्षं झाली असली तरी सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

४. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात. नोंदणी झाली आहे ना, ते उपचार केंद्रात विचारा.

५. तुम्ही स्वतः कोणाला कामावर ठेवत असाल, घरकामाच्या मावशी असोत की दुकानातला पोऱ्या, आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापू नका. त्यांना कोणतीही संहिता अजून नीट पोचलेली नाही.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. काकांनी त्याला माझ्यासमोरच मोबाइलवर पगाराची चिठ्ठी उघडायला लावली. पगार १७,०००. खाली बारीक अक्षरात ईएसआय, १२८ रुपये. चौदा महिने कापले जात होते आणि त्याला पत्ता नव्हता. दोन वर्षं पूर्ण नसल्यानं दीर्घ आजाराचा भत्ता त्याला मिळणार नाही, पण ९१ दिवसांचा मिळू शकतो. दुसऱ्या दिवशी काका त्याला घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात गेले. पहिल्या खेपेला आधार आणि बँकेच्या कागदांवरून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला सर्टिफिकेट मिळालं.

औषधं सुरू होऊन आता पाच आठवडे झालेत. खोकला कमी आहे, वजन दीड किलोनं वाढलंय. नोकरी राहील का, हे त्याला अजून माहीत नाही. कायद्यानं आजारपणाच्या भत्त्याच्या काळात काढता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ठेकेदाराला कोण सांगणार, डॉक्टर?" काका म्हणाले, "तू एकटा नको सांगूस. गोदामात किती जण आहात तुम्ही?"

तुमच्या घरात गिरणीत किंवा कारखान्यात काम केलेलं कोणी असेल, तर आज त्यांना दोन गोष्टी विचारा: तिथे धूळ कसली होती, आणि आजारी पडल्यावर काय व्हायचं. उत्तरं कमेंटमध्ये लिहा. आणि त्यांना धाप लागत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. एकदा छातीची तपासणी करून घ्या.